घुमटाला गाल लावून

माझा आवाज मोठा आहे. जन्मापासून नव्हता, लग्नाने झाला.

आमचे हे तांबट. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके घालून हंडे, कळश्या, घंगाळं घडवायची, हाच आयुष्यभराचा धंदा. त्या ठणठणाटात कान गेले. एकदम नाही गेले. आधी मी स्वयंपाकघरातून हाक मारली की यायचे, मग दारात येऊन मारावी लागली, आणि आता कानाशी जाऊन बोंब ठोकली तरी "आं?" म्हणतात. घरात आम्ही दोघंच, पण आमच्याकडे आज भाजी कसली आहे ते अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. कानात घालायचं यंत्र लेकीने आणून दिलं होतं. ते लावून ठोके घातले की डोक्यात मधमाश्या शिरतात म्हणे. पडलंय कपाटात.

पण माणूस जिद्दीचा. भांडं नीट घडलंय की नाही हे पूर्वी टिचकी मारून आवाजावरून ओळखायचे. कान गेल्यावर भांड्याला गाल लावून टिचकी मारायला लागले. डोळे मिटून, गाल चिकटवून उभे राहतात. हाडातून कळतं म्हणतात. मला वाटायचं, मनाची समजूत घालत असतील, दुसरं काय!

आता असा हा माणूस. कधी मला हौसेने नाटकाला नेलं नाही, की बागेत फिरवलं नाही. तो एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "आपण परदेशी जाऊ. तो तांब्याचा घुमट बघू." कारखान्यात भिंतीवर एका जुन्या शहराचं चित्र होतं, पिवळं पडलेलं, त्यात तो घुमट. मी हातातला घास खाली ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

तर आलो. लेक-जावयाने सगळं ठरवून दिलं. पहिल्याच सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो, तर लेकीचा फोन.

"आई, बाबा जवळ आहेत?"

"समोरच आहेत. तू बोल बिनधास्त, यांच्या कानाशी ढोल वाजला तरी कळायचं नाही."

ती हसली नाही. मी फोन कानाला घट्ट लावला.

"आई, तिकडून परत आलात की बाबा मोठ्या काकांकडे राहायला जाणार आहेत. कायमचे. काकांनी खोलीसुद्धा झाडून ठेवलीय. तुला सांगू नको म्हणाले होते, पण मला राहवेना."

"का? मी काय केलं त्यांचं?"

"म्हणतात, माझ्यापायी तिचा घसा फुटतो. दिवसभर ओरडते, चिडते. बहिऱ्याबरोबर इतकं आयुष्य काढलं बिचारीने, उरलेलं तरी निवांत जाऊ दे. म्हणून तर ही ट्रिप, आई. तिला एकदा काहीतरी छान दाखवतो आणि मग जातो, म्हणाले."

आणि समोर हे! पावाला लोणी लावत होते. कडेपर्यंत नीट लावलं, मला तसंच लागतं म्हणून, आणि माझ्या ताटलीत ठेवलं. "कोण? लेक का? बरी आहे ना?" एवढ्या मोठ्याने विचारलं की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली.

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

मी चिडत नाही हो! मी मोठ्याने बोलते! पण मोठ्याने बोललेलं सगळं भांडणासारखंच वाटतं. "जेवायला या" हे साध्या सुरात म्हणून बघा आणि मग घसा ताणून म्हणून बघा. मायेचं बोलणं ओरडून करता येत नाही. आणि गल्ली कान टवकारून बसलेली. मग मायेचं ते मी गिळत गेले, आणि ओरडण्यासारखं तेवढं ओरडत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्यापर्यंत माझं तेवढंच पोचलं असणार. "लिहून दे की," फोन ठेवता ठेवता लेक म्हणाली. लिहून देऊ? जन्माच्या नवऱ्याला काय नोटीस काढू?

हॉटेलातून निघालो, तेव्हा मी ठरवलं, आजच सांगायचं. कसंही करून.

रस्ते दगडी, अरुंद, पायाखालचे दगड माणसांच्या चालण्याने गुळगुळीत झालेले. दोन्ही बाजूला उंच घरं, खिडक्यांना लाकडी झडपा. एका वळणावर गाडी गेल्यावर थोडी सामसूम झाली. मी सगळा जीव एकवटला आणि ओरडले, "तुम्ही जाऊ नका!"

हे टुणकन उडी मारून फुटपाथवर आले. इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठे आहे गाडी?"

वरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काही नाही, चला!" असं मी खेकसले. झालं! पुन्हा खेकसलेच.

आणि मग गल्ली संपली आणि समोर तो घुमट आला.

काय सांगू! आभाळाचा एक मोठा तुकडा त्याने अडवला होता. आजूबाजूची चार-चार मजली घरं त्याच्या पायाशी खेळण्यातली वाटत होती. आणि रंग? हिरवागार! मी म्हटलं, एवढी मोठी जागा आणि कुणी घासत नाही? अंगठा आणि बोट चोळून घासायची खूण केली आणि ओरडले, "किती चिंच लागेल हो एवढ्याला?"

हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी हसले असतील. "घासायचं नसतं ते. तांब्याने स्वतःच अंगावर पांघरूण घेतलंय ते. त्या हिरव्याखाली पत्रा शाबूत राहतो. आपल्या पणजोबांच्या आधीचा असेल." मग टोपी काढली. देवळाबाहेर चप्पल काढावी तितक्या सहज. "एकेक पत्रा कुणीतरी हाताने ठोकलाय गं. तिथे वर बसून. वारा केवढा असेल." बराच वेळ ते नुसते बघत राहिले. त्यांच्या हाताची बोटं ठोके घातल्यासारखी हलत होती, त्यांना पत्ताही नव्हता. त्या क्षणी माझ्या मनात आलं, हा माणूस मला सोडून जाणार आहे, आणि त्याला वाटतंय की तो माझ्यावर उपकार करतोय.

आत गेलो.

मला गप्प बसवणारी जागा अजून बांधली गेलेली नाही, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. बांधली होती, सासूबाई. कितीतरी शतकांपूर्वीच बांधली होती. आत पाऊल टाकलं आणि माझं तोंड आपोआप मिटलं. थंडगार, अर्धा अंधार, आणि वर, इतक्या वर की मान दुखेस्तोवर बघावं, एक गोल उजेड. त्या उजेडाचा एक पट्टा तिरपा खाली आलेला आणि त्यात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. खांब एवढे जाड की आमची अख्खी गल्ली हात धरून उभी राहिली तरी वेढा पुरा झाला नसता. माणसं होती, पण कुणी बोलत नव्हतं. मला एकदम जाणवलं की हे माणसांनी केलंय. हातांनी. दोरखंड, लाकडं, छिन्नी आणि हातोडी. अंगावर काटा आला.

"अहो, बघा तरी!" मी म्हटलं.

म्हटलं म्हणजे ओरडले. सवय! तो आवाज वर गेला, फिरला, आणि चारी बाजूंनी परत आला. बघा तरी, तरी, तरी... शंभर डोकी वळली. गणवेशातला एक रखवालदार लगबगीने आला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी हात जोडले. थोड्या वेळाने मी पुन्हा, "अहो, इकडे!" पुन्हा बोट. तिसऱ्यांदा तो नुसता बघत उभा राहिला, वैतागून. मी म्हटलं, मेलं, आता तोंडाला पदरच बांधते. तर पदरही नव्हता, लेकीने कोट घालून पाठवलं होतं.

घुमटाच्या पोटात वर एक गोल सज्जा होता, कठड्याचा. तिथे जायला भिंतीतून चक्राकार जिना. यांना वर जायचंच होतं, तांब्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. गुडघे कुरकुरत होते, तरी चढलो. वर आलो आणि कठड्यावरून खाली बघितलं तर माणसं तिळाएवढी. वर बघितलं तर आता तो उजेड अगदी डोक्याशी. मी कठडा घट्ट धरला. पण डोळे हटेनात.

हे भिंतीला हात लावत लावत पुढे निघून गेले. गोल सज्जा, चालत चालत पार पलीकडे पोचले. मधे एवढी मोठी पोकळी आणि पलीकडे हे, अंगठ्याएवढे. वर फारसं कुणी नव्हतं. भिंतीला लागून दगडी बाक होता, त्यावर मी बसले. आणि मला रडू कोसळलं. कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकं सुंदर दाखवायला आणलं, आणि कशासाठी? निरोप म्हणून!

मग मी भिंतीशीच बोलले. हळू. म्हणजे माझ्या मानाने हळू, बाकीच्यांच्या साध्या बोलण्याएवढं.

"मी चिडत नाही हो तुमच्यावर," मी म्हटलं. "कधीच चिडत नाही. बरं, दूध उतू घालवलंत तेव्हा चिडले होते. पण ते दुधासाठी. सकाळी खालच्या कारखान्यातून ठोके सुरू झाले की मला वाटतं, चला, सगळं जागच्या जागी आहे. ते थांबले की मी तवा ठेवते. तुम्ही गेलात तर तवा कधी ठेवू मी? निवांतपणा घेऊन काय करू, चाटू? घर खायला उठेल मला. ओरडते ते तुम्ही ऐकावं म्हणून ओरडते. आणि ओरडून सांगता येत नाही ते सांगते आता या भिंतीला. नका जाऊ. मला तुम्ही हवे आहात. नका जाऊ हो."

"अगं."

मी ताडकन उठले. अगदी कानाशी आला होता आवाज. वळून बघितलं, तर जवळ कुणी नाही. देवाशपथ सांगते, माझे हातपाय गार पडले. मला वाटलं, देवच बोलला.

"अगं, इकडे. समोर बघ."

पलीकडे, त्या सगळ्या पोकळीच्या पार पलीकडे, हे उभे होते. टोपी हातात, आणि गाल भिंतीला चिकटवलेला. घडलेल्या घंगाळाला लावतात, तसा. वरचं तांबं बोलतं का बघायला लावला असणार, आणि त्या गोल भिंतीने माझं बोलणं फिरवत त्यांच्यापर्यंत नेलं होतं. एक हात उचलून त्यांनी हलवला.

"हा तुझा आवाज?" भिंतीतून आलं. आणि त्यांचाही आवाज हळू होता! बहिरा माणूस ओरडून बोलतो, स्वतःचं त्याला ऐकू येत नाही म्हणून. पण भिंतीने त्यांना त्यांचंही ऐकवलं असेल. "असा आहे होय तुझा आवाज. मी विसरूनच गेलो होतो गं."

मी पुन्हा बाकावर बसले आणि भिंतीला टेकले. ज्या बाईला गल्ली घाबरते, ती मी, कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"ते शेवटचं."

मी भिंतीला तोंड लावलं. "नका जाऊ," म्हटलं. पलीकडे त्यांनी डोळे मिटले. इतक्या दुरून दिसत नव्हतं, पण मला माहीत आहे ना, गाल लावला की ते डोळे मिटतात.

"मला वाटलं, सुटशील तू," ते म्हणाले.

"सुटायचं असतं तर केव्हाच सुटले असते. पाय आहेत मला."

हसल्याचा आवाज आला, आणि मग नाक ओढल्याचा. तो रखवालदार जिन्यातून वर आला होता. भिंतीशी एकटीच पुटपुटणारी मी त्याला दिसले, पलीकडचे हे दिसले. त्याला कळलं असावं, कारण अशी माणसं तो रोज बघत असणार. यावेळी त्याने ओठांवर बोट ठेवलं नाही. कठड्याला टेकून खाली बघत उभा राहिला. आम्ही किती वेळ बोलत होतो कोण जाणे. सांगण्यासारखं पुष्कळ साठलं होतं, आणि त्यातलं सगळंच तुम्हाला सांगणार नाही.

खाली उतरलो, बाहेर उन्हात आलो. घुमटासमोर मोठा चौक, माणसांनी भरलेला. हे एकदम थांबले, माझ्या पर्समधून फोन काढला आणि मला "दादाला लाव" म्हणाले. फोनवर त्यांना काडीचं ऐकू येत नाही, म्हणून ते आपलं सांगून ठेवून देतात. मी लावला. पलीकडून थोरल्या दिरांनी उचलला, एवढं मी बघितलं आणि यांच्या हातात दिला.

"दादा!" घुमटाला हादरा बसेल असे ओरडले. "मी येत नाही! खोली दुसऱ्या कुणाला तरी दे! काय? ते ऐकू येत नाही! येत नाही म्हणतोय! बायको नको म्हणते! हो! बायको! तिला मी हवाय!"

सगळा चौक वळून बघायला लागला. गल्लीला ऐकू जाईल म्हणून मी आयुष्यभर जे गिळलं, ते या माणसाने परक्या देशात भर चौकात ओरडून सांगितलं होतं. माझे कान लाल झाले, डोळे वाहायला लागले. मी त्यांची बाही ओढली.

"हळू बोला हो," म्हटलं.

"आं?" म्हणाले.