चौदा महिने

संगणकाच्या पडद्यावर दोनशे बारा ठिपके होते. एक ठिपका म्हणजे रुग्णालयाच्या नोंदींमधला एक गेलेला माणूस. आडव्या अक्षावर निदानाच्या वेळची गाठीची रुंदी, उभ्या अक्षावर त्यानंतर जगलेले दिवस. ठिपक्यांभोवती मी पाच समघनता-रेषा काढल्या होत्या, नकाशात डोंगर दाखवतात तशा: एकात एक पाच लंबगोल.

"अहो, तुमचा बाहेरचा लंबगोल शून्याच्या खाली गेलाय," फोनवर माझे ऑफिसातले साहेब हसत होते. "निदानाआधीच मेलेले रुग्ण कुठून पैदा केलेत? दोन्हीकडे सारखं पसरणारं सममित वितरण सोडा, एका बाजूला कललेलं घ्या."

तसं वितरण निवडून मी आज्ञा पुन्हा चालवली. लंबगोल मोडले. खाली रेषांची दाटी झाली, वर लांबच लांब शेपूट निघाली. सगळ्यात आतली रेषा, जिथे माणसं सर्वांत दाट, ती चौदा महिन्यांवरून घसरून साडेचारावर आली.

टेबलापलीकडे बाबा सुट्टी म्हणून पेपर वाचत बसले होते. आईला जाऊन तीन महिने झाले होते. तिचं निदान झालं त्या दिवशी, कारखान्यात लेथवर लोखंडी दांडे कातण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस मला म्हणाला होता, "गोल गोल बोलू नकोस. आकडा सांग." याच नोंदींची सरासरी काढून मी सांगितला होता. चौदा महिने.

"काय गं, चेहरा का उतरला?"

"बाबा, माझा आकडा चुकला होता."

"कुठला?"

"चौदा."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे वरचे थोडे लोक पाच-सहा वर्षं जगले. त्यांनी सरासरी ओढली. बाकीचे बहुतेक इथे, खाली आहेत."

"म्हणजे बेरीज-भागाकार बरोबर होता."

"हो."

"आमच्याकडे एक दांडा जाड आणि दहा बारीक निघाले, तर सरासरी जुळली म्हणून कुणी पाठ थोपटत नाही." ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "ती म्हणायची, राहा की घरी चार दिवस. मी म्हणायचो, थांब गं, शेवटचे महिने जड जातील, तेव्हा रजा लागेल. ती गेली त्या दिवशीपण मी कामावरच होतो."

"किती होती रजा?"

"एकशे छत्तीस दिवस. आहे अजून."

बाबांनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवली.

"तुझी आई कुठंय यात?"

नोंदी मागच्या वर्षापर्यंतच्या होत्या. मी तिचे दोन आकडे वेगळे भरले. सगळ्यात आतल्या रेषेच्या आत एक लाल ठिपका उमटला. बाबा वाकले, उभ्या अक्षावर बोट ठेवून हळूहळू वर नेत त्यांनी स्वतः वाचलं.

रुंदी एकतीस मिलिमीटर. दिवस एकशे एकोणतीस.