राणीछाप रुपया

नाणेतज्ज्ञ हेमकांत पाटील आमच्या जेंटलमेन्स क्लबात भाषण ठोकून गेला होता, "जुनं नाणं कधी घासू नये, घासलं की त्याची किंमत गेली." त्याच माणसानं तपासायला नेलेला माझा राणीछाप रुपया क्लबातच परत देताना मला सांगितलं, "मळ होता, जरा घासून काढला."

अंगावर पाल पडल्यासारखं झालं. नंदुरबारात आमचा मिरचीचा व्यापार. तीन पिढ्या दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनात, तो रुपया दुधानं धुऊन त्याला कुंकू लावत आलोय. राणीच्या मुकुटात मुरलेलं ते कुंकू घासून जाणारं नव्हतं. हातातला रुपया कोरा करकरीत होता, म्हणजे माझा नव्हताच. या माणसाला वाटलं, मारवाड्याला फक्त चांदीचं वजन कळतं!

मी सगळ्यांदेखत त्याची बॅग टेबलावर उपडी केली. माझा रुपया निघालाच, शिवाय आणखी चार सभासदांच्या देव्हाऱ्यातले निघाले. ज्यानं त्यानं आपापला ओळखला, रुमालात गुंडाळला आणि गुपचूप खिशात घातला. हेमकांतच्या तोंडावर कोणी थुंकलंसुद्धा नाही.

"जाऊ द्या शेठ," अध्यक्ष भाईदासआप्पा मला म्हणाले, "क्लबनी इज्जतना सवाल शे. सत्कारन्या पत्रिका वाटाई गयात."

रविवारी हेमकांतचा सत्कार झालाच. शाल, नारळ आणि क्लबतर्फे चांदीचं नाणं. त्या चौघांनीही टाळ्या वाजवल्या. हेमकांतनं स्टेजवरच ते नाणं उलटंपालटं करून पाहिलं, आपल्याला खोटं तर दिलं नाही ना म्हणून.