तिसऱ्या रांगेतली भिंतीकडची जागा

बसा, पण जरा इकडे सरकून बसा. ती भिंतीकडची जागा कांचनची आहे.

मी बाक बोलतोय. लखनौच्या महानगर भागातल्या या चर्चमधला, तिसऱ्या रांगेतला, चांगला शिसवीचा. मला घडवणारा सुतार फादरना म्हणाला होता, "सौ साल हिलेगा नहीं." तसा मी हललोही नाही. करकरतो मात्र, आणि तेही रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ठरलेल्या एकाच वेळी. का, ते सांगतो.

१९८८ साली कांचन आणि तिचा नवरा इनास पहिल्यांदा माझ्यावर येऊन बसले. दोघंही वसईकडची कॅथलिक. इनास बँकेत, बदलीवर आलेला, घर विकास नगरात. प्रार्थना, गाणी, सगळं रीतसर चाललं होतं. मग कम्युनियनची वेळ झाली. प्रभूचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर स्वीकारायला अख्खी रांग उठली, आणि ही दोघं बसूनच राहिली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. असं आठ वर्षं चाललं.

माणसं कुजबुजतात ते बाकाला आधी कळतं. इनासच्या वडिलांना मुलगी पसंत नव्हती. बदलीचा हुकूम हातात, म्हणून दोघांनी घाईघाईने कोर्टात सह्या केल्या आणि गाडी पकडली. पण चर्चमध्ये लग्न लागल्याशिवाय अशा जोडप्याला कम्युनियन घेता येत नाही. इथले फादर तर आठवडाभरात लग्न लावून द्यायला तयार होते. दोन साक्षीदार आणि दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

घोडं अडलं ते दाखल्यांपाशी. ते गावच्या चर्चमधून मागवायचे, आणि तिथलं दप्तर सांभाळत होते इनासचे वडीलच. त्यांना तर या पठ्ठ्याने कधीच कळवून टाकलं होतं, लखनौच्या चर्चमध्ये आमचं लग्न लागलं म्हणून. दाखले मागितले की खोटं उघडं पडणार होतं.

"पुढच्या वर्षी बघू," इनास म्हणायचा.

"बाबा रागावतील, आणखी काय करतील?" कांचन हळूच म्हणायची. "सगळे उठतात आणि मी इथे बसते. मला नाही रे सहन होत."

१९९६च्या नोव्हेंबरात त्यांच्या नयनाचं पहिलं कम्युनियन झालं. पांढऱ्या फ्रॉकमध्ये पोर परत आली आणि आईला चिकटून बसली. "मम्मी, आप लोग क्यों नहीं जाते?"

"पाय दुखतोय गं माझा."

तिचा पाय दुखत नव्हता. माझी कड तिने इतकी घट्ट धरली होती की नखं रुतली. ते इनासनेही पाहिलं. "नाताळ होऊ दे," तो म्हणाला, "मग नक्की लिहितो."

नाताळ झाला. त्याने लिहिलं नाही. जानेवारीच्या धुक्यात एका सकाळी कांचन सब्जी घ्यायला खाली उतरली आणि ठेल्यापाशीच कोसळली. सब्जीवाला भैया धावत जिना चढला, इनास खाली आला, तोवर सगळं संपलं होतं. फादरना बोलवायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर इनासने वडिलांना सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं ते त्याने इथेच बसून, भिंतीकडे तोंड करून, हलक्या आवाजात वाचलं. "लग्न लागलं की तिथलं चर्च आम्हाला कळवतं आणि आम्ही ते बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहितो. तुमच्या नोंदींशेजारची जागा कोरीच राहिली. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. दाखले तेव्हाच लिहून ठेवले. तू मागशील म्हणून थांबलो. मी थांबायला नको होतं."

पाकिटात दोन दाखले होते. तारीख १९८९ची.

त्याने ते माझ्यावर, तिच्या जागी ठेवले. हात टेकवला आणि म्हणाला, "मी, इनास, तुला, कांचनला, माझी पत्नी म्हणून स्वीकारतो." मग तो थांबला. मी इथे शेकडो लग्नं पाहिली आहेत. या वाक्यानंतर दुसऱ्याचं वाक्य येतं. लग्नाआधीच्या शिकवणीत फादर सांगतात, हा संस्कार आम्ही देत नाही, नवराबायको एकमेकांना देतात. म्हणजे कांचनला जे हवं होतं ते या एकट्या माणसाकडे होतं, आणि त्याने आठ वर्षं ते दिलं नाही. तो अंधार पडेपर्यंत उत्तराची वाट पाहत बसला.

कांचन गेल्यावर चर्चच्या नियमाने तो एकटाच, म्हणून आता त्याला कम्युनियन घ्यायला कुणाची आडकाठी नाही. फादरनी दोनदा समजावलं. तरी नयना एकटीच पुढे जाते आणि तो बसून राहतो.

तुम्ही आज लग्नाची तारीख ठरवायला आलात ना? घरी जे सांगायचं राहिलंय ते आजच सांगा. आणि रविवारी आलात तर कान देऊन ऐका. रांग उठली की भिंतीकडची माझी फळी करकरते. सुताराने दोनदा खिळे ठोकले, त्याला काही सापडलं नाही. बसणाऱ्याचा आवाज वेगळा, उठणाऱ्याचा वेगळा, एवढं मला कळतं. हा उठणाऱ्याचा आहे. इनासलाही तो ऐकू येतो, आणि तो वाट द्यायला आपले पाय आत घेतो.