अक्का पेशी आणि मूठभर युरिया

मी निळ्या-हिरव्या शेवाळाचा एक धागा बोलतोय. अळणावरजवळच्या एका खेड्यात, नागोजी अप्पांच्या परसात, पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये राहतो. त्यांची लेक संगीता धारवाडला शेतकीचं शिकते. तिनं मला वाळलेल्या पापुद्र्यांत, कागदाच्या पुडीतून इथं आणलं. पाणी लागलं आणि मी जागा झालो.

माझं अंग म्हणजे मण्यांसारख्या पेशींची ओळ. उन्हात त्या साखर करतात आणि प्राणवायू सोडतात. भाताला लागणारं नत्रही मी हवेतून धरतो. पण त्या कामाला प्राणवायू सोसत नाही. लागला की सगळं बिघडतं. एका घरात दोन्ही कसं जमावं? म्हणून दहा-बारांतली एखादी पेशी स्वतःभोवती जाड भिंत घालते, प्राणवायू सोडणं बंद करते आणि नत्राचं काम घेते. शेजारणी तिला साखर देतात, ती त्यांना नत्र देते. तिला मात्र पुन्हा लेकरं होत नाहीत. आम्ही तिला अक्का म्हणतो.

अप्पांची माझ्यावर फार माया. एके दिवशी त्यांनी ट्रेत मूठभर युरिया टाकला. आयतं नत्र मिळालं. मी भराभर वाढलो, पण नवी अक्का एकही झाली नाही.

सुट्टीला आलेल्या संगीतानं ट्रेजवळची उघडी पिशवी पाहिली.

“अप्पा, यात युरिया टाकलात?”

“उपाशी वाटलं गं ते.”

“आयतं मिळालं की ते हवेतलं घ्यायचं सोडतं!”

“अगदी तुझ्या अप्पांसारखंच,” तिची आई कौसल्या दारातून म्हणाली.

संगीतानं पाणी बदललं आणि ती धारवाडला परतली. आयतं नत्र गेलं, आणि हवेतलं धरायला अक्का पुरेशा नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी पिवळा पडलो.

“मेलंय ते,” कौसल्या म्हणाली. “उकिरड्यावर ओता. ट्रे मला सांडगे वाळवायला हवाय.”

“उद्या दुपारपर्यंत थांब की.”

“थांबते. मग मीच ओतणार, सांगून ठेवते.”

मला घाई करता येत नाही. भिंत घालायला पुरता एक दिवस लागतो. मधली एक पेशी फिकी होत गेली, स्वतःभोवती भिंत घालू लागली. शेजारणींनी होती नव्हती ती साखर तिच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी ती अक्का झाली आणि नत्र वाटू लागली. दुपारी कौसल्या आली. ट्रे उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

“अहो, हिरवं झालंय हो!”

अप्पा उठले नाहीत. कट्ट्यावरच डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास सोडला. तिनं कळशी आणली आणि हळूच ट्रेत पाणी घातलं.

उद्या आम्हाला भाताच्या खाचरात सोडणार आहेत. आता भीती नाही. मागणं एवढंच, तिथं कधी पिवळा दिसलो तर एक दिवस द्या. आत कुणीतरी भिंत घालत असतं.