मार्च महिन्यातलं तेल

लमारचा फायदा कुणालाही बोटांवर मोजता आला असता. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला, मर्लला, औषधी गांज्याचं राज्याचं कार्ड मिळालं की मर्लच्या हाती बंदूक राहणं बेकायदा. राज्य म्हणतं औषध घे, वॉशिंग्टनचं केंद्र सरकार म्हणतं मग बंदूक सोड. म्हणजे मर्लच्या बापाची अक्रोडी दस्त्याची रायफल लमारकडे येणार, आणि तिच्यामागोमाग ओढ्याच्या वळणावरचं शिकारीचं मचाणही. त्या मचाणावरून रिकाम्या हातानं उतरलेला माणूस पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता.

म्हणून शनिवारी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या सामुदायिक न्याहारीला लमार आत आला, तेव्हा आरागिरणीतल्या ग्लेननं त्याला सोडलं नाही.

"काय रे लमार, डॉक्टर कधी झालास?"

"म्हणजे?"

"मर्लला गांजा पाजायला निघालास म्हणे."

"त्याची पाठ बघवत नाही मला."

"पाठ बघवत नाही, का भिंत बघवत नाही? त्या भिंतीवर काय टांगलंय ते आम्हालाही दिसतं हो!"

अख्खा हॉल हसला. लमारनं पॅनकेकवर गरजेपेक्षा जास्त पाक ओतला आणि मान खाली घालून खात राहिला.

तव्यामागे उभी राहून डुकराच्या मांसाच्या वड्या उलटणाऱ्या अर्लीननं, म्हणजे लमारच्या बहिणीनं, हे सगळं ऐकलं. तिच्या एका वाक्यानं ते हसणं बंद झालं असतं. ती पुढची वडी उलटत राहिली.

त्या खोऱ्यात बंदुकीला तेल लागतं ते शिकारीच्या हंगामाआधी आणि हंगाम संपल्यावर. मधे कुणी लावत नाही. मर्ल तर दोन हंगाम मचाणावर चढलाच नव्हता. गिरणीत ट्रकवरचे ओंडके अंगावर आले तेव्हापासून काठी होती, आणि रात्री पायांतून विस्तव फिरायचा. असं असताना, त्या न्याहारीच्या थोडं आधी, मार्चमधल्या एका दुपारी अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून घरी आली, तर दारातच बंदुकीच्या तेलाचा वास. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर रायफल, आणि मर्ल फडकं फिरवतोय.

"आत्ता कशाला?"

"गंजेल म्हणून."

दोन दिवसांनी पुन्हा तोच वास. त्या आठवड्यात त्यानं तळघराची मोडकी पायरी बसवली, गाडी तिच्या नावावर केली, आणि तिला खाली नेऊन घर गरम ठेवणारी भट्टी कशी पेटवायची ते दाखवलं. ज्या भट्टीला त्यानं लग्न झाल्यापासून कुणाला हात लावू दिला नव्हता, ती भट्टी. "कधी लागलं तर," तो म्हणाला.

अर्लीन तशीच एप्रनवर लमारकडे गेली.

"सरळ मागून घे ना बंदूक," लमार म्हणाला.

"मागितली तर मला काय वाटतंय ते त्याला कळेल. मग तो माझ्यासमोर जेवायला कसा बसेल? तू त्या गांज्याच्या कार्डाचा विषय काढ. दुखणंही कमी होईल, आणि बंदूक कायद्यानं जाईल."

"लोक म्हणतील, गिधाडासारखा टपला होता."

"म्हणतील."

"तू सांगशील ना त्यांना?"

"नाही," अर्लीन म्हणाली. "सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागेल."

लमार उठला. मग तो म्हणाला, "माझा लॅपटॉप घेऊन येतो."

कार्डासाठीची डॉक्टरीण लॅपटॉपच्या पडद्यावर आली. तरुण होती, शहरातली. मर्ल इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला होता. तसं बसायला त्याला किती कष्ट पडत होते ते त्याच्या कपाळावर दिसत होतं.

"मिस्टर हॉफाकर, दहापैकी किती दुखतं?"

"असेल तीन."

त्या खोऱ्यातल्या माणसाचं बोट तुटलं तरी तो खरचटलं म्हणतो.

"तीन असेल तर मला सही करता येणार नाही."

"मग राहू दे," मर्ल काठीला हात घालत म्हणाला. जणू सुटका झाली.

पडद्याबाहेर बशी पुसत उभी असलेली अर्लीन पुढे आली. "बाई, हा माणूस दोन वर्षं खुर्चीत झोपतोय. याच्या पायांत बूट मी घालते. काल रात्री दातांत पट्टा धरून बसला होता, माझी झोप मोडू नये म्हणून. तीन म्हणे!"

भर बाजारात तिनं त्याच्या अंगावरचे कपडे ओढले असावेत तसं मर्लनं तिच्याकडे पाहिलं.

"खरं आहे का हे?" डॉक्टरीण हळू म्हणाली.

"आठ," मर्ल म्हणाला. मग, "नऊ."

"कधी जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं?"

मर्लची नजर पडद्यावर नव्हती, भिंतीवर होती.

"आम्ही तसले नाही," तो म्हणाला.

डॉक्टरणीनं ते टिपून घेतलं, आणि मर्ल पात्र ठरला.

कार्ड टपालानं आलं. जिभेखाली गांज्याच्या औषधाचे थेंब घेऊन मर्ल दोन वर्षांत पहिल्यांदा पलंगावर झोपला. अर्लीन त्याचा श्वास ऐकत जागी राहिली. रविवारी लमार आला. मर्लनं रायफल स्वतः उतरवली, रिकामी असल्याची खात्री केली आणि पुढे धरली.

"दस्त्याला ओल लागू देऊ नकोस."

"नाही लागू देत."

मग मर्लनं शर्टाच्या खिशातून एक काडतूस काढून टेबलावर उभं केलं. खिशात घासून घासून त्याचं पितळ लग्नातल्या अंगठीसारखं गुळगुळीत झालं होतं.

"हेही ने."

लमार ते मुठीत घेऊन गेला. गाडीचा आवाज विरेपर्यंत मर्ल भिंतीवरच्या दोन मोकळ्या खुंट्यांकडे बघत राहिला.

"एवढं डोकं लमारचं नाही," तो म्हणाला.

अर्लीन हातातला कप विसळायला वळली.

"मी विचारत नाहीये," तो म्हणाला, आणि काठी टेकत आत गेला.

हिवाळ्याच्या तोंडावर हरणांच्या हंगामाचा पहिला सोमवार. शाळेला सुट्टी. उजाडताच डोंगरावर बार सुरू झाले. अशा सकाळी लमार दारात उभा, अंगात शिकारीचं नारिंगी जाकीट नाही, साधा तपकिरी कोट. अर्लीनच्या कानावर आलंच होतं: शिकारीच्या सामाईक खोपटातली त्याची खाट ग्लेननं, लमारनं मर्लची बंदूक लाटली म्हणत, आपल्या जावयाला दिली होती.

"गेला नाहीस?" मर्लनं विचारलं.

"पाठ धरलीय."

मर्लनं आपला कप त्याच्याकडे सरकवला. "मचाणावर कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"आणि ती?"

"कपाटात. तेल लावलंय."

"हो," मर्ल म्हणाला. "आत्ता लावायचंच असतं."

दोघं खिडकीकडे तोंड करून बसले. एकाची रायफल गेली होती, दुसऱ्याची खाट. अर्लीन चुलीपाशी अंडी फोडत होती. ओढ्यापलीकडे बार झाला. तिनं मान वळवून पाहिलं. मर्ल खुर्चीत होता. पुन्हा एक झाला, जवळचा. तिनं पुन्हा पाहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक बाराला पाहिलं. आता पाहायचं काही कारण उरलेलं नव्हतं.