साठ दसऱ्यांची दुनळी

अमरावतीत बंदुका दुरुस्त करणारी बाई मी एकटीच, आणि हे ऐकून हसणाऱ्यांना मी चहा पाजत नाही. तेल्हाऱ्याचे खुशालराव हसले. त्यांना आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, बारा बोअरच्या दुनळीसाठी ‘चालवण्यास सुरक्षित’ असा दाखला हवा होता, तोही तासाभरात. शेतात रानडुकरं घुसत होती.

बंदूक होती बंडूभाऊंच्या खांद्यावर. पन्नाशीचे राखणदार, परवान्यावर त्यांचंही नाव. वीस वर्षं बार तेच काढत. खुशालराव बंदुकीला हात लावत ते दसऱ्याला, पूजेपुरता.

दोन्ही नळ्या लखलखत होत्या. तिथेच माझं डोकं फिरलं.

“कशानं घासता?”

“पॉलिश पेपरनं,” खुशालराव म्हणाले. “आबाजीपासून साठ दसरे झाले. एक डाग दाखवा!”

डाग कुठून दिसणार? पूजेच्या नावाखाली लोखंडच घासून संपवलं होतं. मी माप लावलं. डाव्या नळीचा पत्रा एका जागी पोस्टकार्डाइतका पातळ उरला होता. नेम धरताना डावा हात असतो, नेमका तिथे.

“टायरला बांधून, भिंतीआडून दोरीनं बार काढून बघीन. त्याशिवाय सही नाही.”

“दोरीनं? काहून, भेता काय? तुमचे वडील असते तं चहा पेतापेता सही करून देल्ली असती.”

“दिली असती. मी देत नाही.”

“मर्दाची बंदूक हातानं चालवतेत, बाई.”

“मग चालवा. मागे वाळूच्या पोत्यांची खोली आहे. तुमच्या हातानं दोन बार काढा, लगेच सही करते.”

काडतुसं मी देणार नव्हतेच, पण ते त्यांना कुठे ठाऊक! खुशालरावांनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही.

“बंड्या, उचल.”

बंडूभाऊंनी बंदूक टेबलावर ठेवली. “मी नाई चालवत, मालक. इतकी वर्सं मले कोनी सांगतलं नाई. आता माईत झालं. पयले तुमी.”

“लय बोलून राहिला तू!”

“हात माहा हाय.”

मला त्या माणसाला कडकडून टाळी द्यावीशी वाटली. खुशालरावांचा हात काही बंदुकीकडे गेला नाही.

“बांधा मंग!” ते शेवटी खेकसले.

मी पोत्यांच्या खोलीत बंदूक टायरला आवळली, काडतुसं भरली आणि भिंतीआड येऊन दोऱ्या मुद्दाम त्यांच्याच हातात दिल्या. उजवी नळी सरळ वाजली. ते माझ्याकडे बघून मिशीत हसले आणि त्यांनी डावीची दोरी ओढली.

धूर निवळल्यावर आम्ही आत गेलो. डावी नळी फाटून उघडी पडली होती. हाताखालच्या लाकडाचा पत्ता नव्हता आणि लोखंडाचा एक तुकडा पोत्यात बोटभर रुतला होता. बंडूभाऊंनी डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“आबाजीची निशानी फोडली या बाईनं!” खुशालराव ओरडले.

“दोरी तुमीच वढली, मालक,” बंडूभाऊ म्हणाले. “अन् माहा हात तिथं असता, तरी तुमी आबाजीच्या निशानीसाठीच रडले असते.”