लाल राहिलेली पाटी

आमच्या बंदर कचेरीच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर पत्र्याच्या बत्तीस पाट्या, बोटीमागे एक. लाल बाजू वर असली की माणूस समुद्रात, हिरवी असली की घरी. ज्याची बोट त्यानेच यायचं आणि स्वतःच्या हातानं पाटी फिरवायची, दुसऱ्याकडून निरोप चालत नाही. नियम माझ्या आधीच्या कारकुनाचा, पण डोक्यावर बसून तो पाळायला लावते ती मी. माझ्या पाठीमागे लोक मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

त्या दिवशी बारा वाजताच वारा फिरला. मी वायरलेसवरून सगळ्यांना परत बोलावलं. तीन वाजेपर्यंत एकतीस पाट्या हिरव्या झाल्या. एक लालच राहिली, आणि ती माझ्या धाकट्या दिराची होती.

दीर माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हता. लाइफ जॅकेट न घेता बोट काढली म्हणून मी त्याचा परवाना पंधरा दिवस अडकवून ठेवला होता. तेव्हा धक्क्यावर चारचौघांत तो म्हणाला, कुंपणच शेत खातं म्हणतात ते खोटं नाही. मी काय कमी आहे? मीही ऐकवलं, की उद्या बुडालास तर मी शोधायला माणूस पाठवणार नाही. माझ्या लग्नात हा अकरा वर्षांचा होता, मी याच्या शाळेच्या शर्टाची बटणं लावून दिलेली, आणि त्याला मी हे बोलले. तेव्हापासून तो मी सहाला घरी गेल्यावर येऊन, शिपायासमोर पाटी फिरवायचा. बोट धक्क्याला लागलेली मला खिडकीतून दिसायची, त्यामुळे मीही काही बोलत नसे. आज धक्क्याला बोटच नव्हती.

वायरलेसवर हाका मारून घसा बसला. उत्तर नाही. साडेतीनला मी शोधाचा भोंगा वाजवला.

शोधाची लाँच चालवतात आमचे हे. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, रेनकोट चढवला आणि निघाले. दिराला शोधायला नवरा पाठवला, आता दोघंही त्या पाण्यात. शिपाई म्हणाला, घरी सासूबाईंना फोन करून विचारू का? मी त्याच्यावर खेकसले. म्हातारीचं हृदय आधीच नाजूक, कळलं तर जागच्या जागी बसतील, काही नक्की समजल्याशिवाय त्यांना सांगायचं नाही. शहाणपणा माझा, दुसरं काय.

सव्वाचारला ह्यांचा आवाज आला. बोट सापडली, डोंगरामागच्या खाडीत. इंजिनाचं झाकण उघडं, बोटीत कोणी नाही.

मी खुर्चीत बसले ती बसलेच. देवाला मी एरवी फारसा त्रास देत नाही, त्या दिवशी मात्र नुसतं भंडावून सोडलं. याला परत आण, त्याला मला जन्मभर घालूनपाडून बोलू दे, पण परत आण. माझ्या त्या मेल्या वाक्याशिवाय दुसरं काही आठवेना. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन नुसताच उभा होता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई होत्या. यांना कोणी सांगितलं असेल? पण आवाज तर नेहमीसारखाच, कुरकुरणारा.

"अगं, तो भोंगा किती वेळ वाजवणार आहात? हा इथे दुपारपासून झोपलाय. दमून आलाय बिचारा, झोपमोड होईल त्याची."

मी दोनदा विचारलं, कोण झोपलाय म्हणून. त्या वैतागल्या. म्हणाल्या, माझे मुलगे काय डझनभर आहेत?

मग मी काय केलं ते मला नीटसं आठवत नाही. शिपाई सांगतो की मी फोन छातीशी धरून मोठमोठ्यानं रडले. वायरलेसवरून ह्यांना कळवलं. मग त्यांनी सख्ख्या भावाला अशी एक शिवी हासडली की मला बरं वाटलं.

दीर अर्ध्या तासानं आला, शर्ट उलटा घातलेला, डोळे सुजलेले. उंबऱ्यापाशीच थांबला. मी तोंड सोडलं. तुझी आई, तुझा भाऊ, लाँचवरची सहा माणसं, कुंभकर्णा, दोन पावलं इकडे यायला काय पाय मोडले होते का तुझे! दम संपेपर्यंत बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता.

"आलो होतो," तो म्हणाला. "इंजिन बंद पडलं म्हणून खाडीत नांगर टाकला, डोंगरावरून चालत आलो. अडीच वाजता याच दारात होतो. शिपाई नव्हता, तू एकटीच होतीस. म्हटलं, सहानंतर येऊ."

अडीचला मी दाराकडे पाठ करून वायरलेसवर राहिलेल्या बोटींना हाका मारत होते, त्यात याचीही होती.

"तेव्हा मी बोलले ते बोलायला नको होतं," मी म्हणाले. "माणूस पाठवणार नाही म्हणून."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. लाँच धक्क्याला लागत होती आणि आमचे हे नखशिखांत भिजून उतरत होते.

"पाठवलास की, वहिनी," तो म्हणाला. "आणि आता तो मला बडवणार आहे. मी आत येऊन तुझ्यामागे उभा राहू का?"

मी खुर्ची बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.